बाबाचा उपास आणि साहेबाची न्याहारी

आमच्या घरात चहा उशिरा आला, इंग्रजी त्याहून उशिरा आली. उपास मात्र आम्ही जन्मलो त्याच्या आधीपासून मुक्कामाला होता. वसईच्या किनाऱ्याकडच्या आमच्या गावात केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या, वाड्यांच्या मधोमध देऊळ. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, आणि म्हणू दिलंत तर बरं, कारण या वयात मी काही शब्द बदलणार नाही.

त्या काळचा नियम असा, की सकाळच्या मिस्सेला, आमच्या देवळातल्या उपासनेला, जाऊन फादरच्या हातून कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायची असेल तर रात्री बारानंतर पोटात अन्नाचा कण जाता कामा नये, आणि पाण्याचा थेंबसुद्धा नाही. घड्याळ अख्ख्या गावात दोन घरी. त्यामुळे आई बाराची वाटच बघत नसे. शनिवारी रात्री जेवणं उरकली की ती पाण्याच्या हंड्यावर पाट ठेवायची आणि पाटावर वरवंटा. सकाळी चूळ भरताना आम्ही पोरं मान पुढे झुकवून, जीभ आत ओढून, घाबरत घाबरत पाणी थुंकायचो. एखादा घोट गेलाच चुकून, तर त्या दिवशी कम्युनियन घ्यायला वेदीपुढच्या कठड्यापाशी जायचं नाही, बाकावरच बसून राहायचं. देवळातल्या बायका डोळे मिटून प्रार्थना करीत, पण कोण उठलं नाही ते त्यांना बरोबर दिसत असे. उठलं नाही म्हणजे एक तर उपास मोडला, नाहीतर मनावर पाप आहे. आणि लोकांना दुसरं कारण जास्त आवडायचं.

पुढे रोमहून सवलत आली की पाण्यानं उपास मोडत नाही. आणखी पुढे तर सगळं तासाभरावर आलं. माझी नातवंडं आता देवळाच्या वाटेवर बिस्किट खातात, आणि मी काही बोलले तर मलाच नियम समजावून सांगतात.

मी इंग्रजी शाळेत जायला लागले ते बाबाच्या हट्टामुळे. गावातल्या आम्ही दोनतीन मुलीच जात होतो. इंग्रजीच्या क्रमिक पुस्तकात एक चित्र होतं. पांढरा टेबलक्लॉथ, कपात उभं केलेलं अंडं, टोस्ट, आणि गळ्यात फडकं बांधलेला एक गुबगुबीत गोरा मुलगा. खाली लिहिलं होतं, ब्रेकफास्ट. मी वहीत ‘न्याहारी’ असं लिहून मोकळी झाले होते. एके दिवशी आमच्या मास्तरांनी तो शब्द फळ्यावर मधोमध तोडून लिहिला. ब्रेक म्हणजे मोडणं. फास्ट म्हणजे उपास. एवढं सांगून ते पुढच्या शब्दाकडे वळले.

मी मात्र तिथंच राहिले. त्या गुबगुबीत मुलाकडे मी कितीतरी वेळ बघत होते. तो उपाशी असेल असं त्याच्याकडे बघून कुणाला वाटलं नसतं. आणि तरी त्याच्या भाषेत त्याच्या अंड्याचं नाव होतं उपास मोडणं. रविवारी आमच्या घरात हंड्यावर वरवंटा ठेवून जे व्हायचं, ते हे लोक रोज सकाळी तोंडानं बोलत होते. शब्दाच्या आत काही राहत असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

घरी आले तेव्हा बाबा पानवेलीत होता. आमच्याकडे बापाला अरेतुरेच करतात, त्यात अनादर नसतो. बाबाला अक्षरओळख होती ती प्रार्थनेच्या पुस्तकापुरती, तीही बोट ठेवून. मी त्याला सांगितलं आणि त्याचा पानं खुडणारा हात थांबला.

“कोन उपास करतो? सायेब?”

“सगळेच. रात्री निजल्यापासून सकाळी खाईपर्यंत.”

“रोज?”

“रोज.”

बाबा बांधावर बसला. साहेबाला देशातून घालवायचे दिवस होते ते, आणि गावात त्याला शिव्या घालायची चांगली सवय लागलेली होती. बाबा म्हणाला, “मंग आपन त्याला उगाच नावं ठेवतो. आपन आठवड्याला एकदा उपास धरतो तर केवडं मिरवतो.”

मला हसू फुटलं. साहेब काही उपास बिपास करत नाही, नुसता शब्द आहे, असं मी त्याला समजावायला गेले. पण बाबानं ते ऐकून घेतलं नाही. शब्द आहे म्हणजे कधीतरी कुणीतरी केला असणार, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवसापासून बाबानं एक नवीनच सुरू केलं. सकाळी भाकरीचा पहिला तुकडा मोडला की तो हातात धरून क्षणभर गप्प बसायचा, मग खायचा. आई म्हणायची, “झाला का सायबाचा उपास सोडून?” तो मान हलवायचा आणि चावायला लागायचा.

एवढ्यावर थांबेल तो बाबा कसला. त्यानं हा शोध देवळाच्या फादरना ताजी बातमी असल्यासारखा सांगितला. फादर लॅटिन शिकलेले, ते खूश झाले. ते म्हणाले, नुसता ब्रेकफास्ट नाही, डिनर हा शब्दसुद्धा लॅटिनच्या पोटातून उपास मोडण्यावरूनच निघाला आहे, फक्त फिरत फिरत दुसऱ्या वेळच्या जेवणावर जाऊन बसला. आणि फास्ट या शब्दाचा मुळातला अर्थ घट्ट धरणं. बाबा ताबडतोब म्हणाला, “आपन बी उपास धरतोच म्हनतो ना, फादर.”

शिकत होते मी, शहाणी म्हणवून घेत होते मी, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सातासमुद्रापलीकडे कुणी शेकडो वर्षांपूर्वी भुकेला मुठीत घट्ट धरलं, आणि इथं आमची आई म्हणते, उद्या उपास धरायचाय. दोघांची भेट कधी झाली? मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. पुष्कळ वर्षांनी शब्दकोश चाळताना दिसलं, की न्याहारी हा आपला शब्दही फारसीतला म्हणे, आणि तिथं नाहार म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला माणूस. म्हणजे मी वहीत जे लिहून मोकळी झाले होते, त्याच्याही पोटात उपाशी माणूसच बसला होता. जगात जिथं जिथं कुणी सकाळी पहिला घास घेतला, तिथं तिथं त्याला आधीची भूक विसरता आली नाही. याचं नवल मला आज ऐंशीच्या घरातही वाटतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. इतकी वर्षं एका माणसाशिवाय कुणाला सांगितलं नाही.

माझा थोरला भाऊ लहानपणीच सेमिनरीत गेला होता, फादर व्हायला. वर्षातून एकदा यायचा, दर वेळी उंच होऊन आणि कमी बोलून. घरातला एक हात कमी झाला, वाडीचं काम बाबानं एकट्यानं ओढलं. त्यानं कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा रहाटाच्या बैलांना थांबवून तो मला म्हणाला होता, “येक दिस तो देवळात हुबा ऱ्हाईल आनि मना कम्युनियन देईल. तेवडं झालं की झालं.” त्यासाठी तो बारा की तेरा वर्षं थांबला होता.

तो दिवस पन्नास सालाच्या आसपास उजाडला. मी तेव्हा गावच्या शाळेत शिकवायला लागले होते. भावाची दीक्षा मुंबईला झाली आणि पुढच्या रविवारी आमच्या देवळात त्याची पहिली मिस्सा ठरली. तो घरी आला त्या संध्याकाळपासून आईनं त्याला ‘फादर’ म्हणायला सुरुवात केली, आणि ‘तुमी’. बाबानंही. ज्याला जन्मभर ‘अरे’ म्हटलं त्याला बाबा हात जोडून विचारायचा, “फादर, पानी काढून देऊ?” भाऊ लाजून लाल व्हायचा. पण लोकांसमोर तसंच वागायचं असतं, म्हणून तोही बाबाला ‘तुम्ही’ म्हणायचा. मी कुणी नसताना भावाला अरे म्हणून घ्यायचे.

अंगणात मांडव पडला. पाचूबंदरहून मासळी सांगून ठेवली, सुकेळ्यांच्या, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांच्या, बांधलेल्या वळ्या सोडवल्या, आणि जेवणानंतरच्या विड्यांसाठी पानं आमच्याच वेलीची, असं बाबानं बजावलं होतं. आता बाबाची एक सवय सांगायला हवी. खुडलेली पानं टोपलीत भरली की प्रत्येक टोपलीतलं एक पान उचलून तो त्याचं टोक दातानं तोडायचा आणि जिभेवर घोळवायचा. पान कोवळं की निबर, तिखट की गोड, हे हाताला कळत नाही, जिभेला कळतं. घोळवून झालं की गिळायचा. स्वतःच्या वेलीचं पान थुंकून टाकणं त्याला पाप वाटायचं. व्यापारी त्याच्या जिभेवर डोळे मिटून विश्वास ठेवत. वर्षानुवर्षं रोज सकाळी तो हे करत आला होता, पण रविवारी कधीच नाही, कारण रविवारी खुडणी नसायची.

त्या रविवारी मात्र टोपली होती. ती मीच आणली. शेजारच्या काकूंनी पानं भिजवून, पुसून ठेवली होती, मला त्यातली काही जरा जून वाटली. देवळाची पहिली घंटा व्हायची होती. बाबा नवा कोट घालून ओटीवर उभा होता, आणि त्याच्या तोंडावर असं काही होतं की मला उगाचच त्याच्याशी बोलावंसं वाटलं. मी टोपली पुढे केली.

“बाबा, ही चालतील ना रे?”

त्यानं वरचं पान उचललं, टोक तोडलं, घोळवलं, गिळलं. म्हणाला, “गोड हायत. चालतील.”

मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

माझ्या हातातली टोपली जड झाली. बाबानं पान हळूच परत टोपलीत ठेवलं, टोक तुटलेलं. मी अडखळत म्हणाले, “एवढ्याशानं काय होतंय. बोटाच्या पेराएवढं पण नाही. कुणी बघितलं नाही, बाबा.”

“मी बगितलं ना.”

“आजचा दिवस आहे रे.”

“म्हनूनच.” मग त्याला एकदम काहीतरी सुचल्यासारखं झालं आणि तो घाईघाईनं म्हणाला, “बाय, तू टोपली आनलीस हे कोनाला बोलू नको. आयला पन नको. जन्मभर लोक तुला नावं ठेवतील. माजं मी बगतो.”

देऊळ खच्चून भरलं होतं. पहिल्या बाकावर बाबा, आई, आत्या आणि मी. भाऊ वेदीकडे तोंड करून उभा, सोनेरी झग्यात मला अनोळखी वाटणारा. तो लॅटिन म्हणत होता. बाबा ताठ बसून होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. मनात मात्र एकच घोकत होते, की ऊठ, बाबा, ऊठ, देवाला पान कळतं.

कम्युनियनची वेळ झाली. रिवाज असा की आधी आईबाप. आई उठली, दोन पावलं गेली आणि मागे वळून पाहिलं. बाबानं मान हलवली, नाही. आईला काही कळेना. सगळं देऊळ बघत होतं. शेवटी ती एकटी जाऊन कठड्यापाशी गुडघ्यावर बसली, आणि तिच्या उजवीकडे एका माणसाची जागा मोकळी राहिली. भाऊ ओस्तीचं, त्या पवित्र भाकरीच्या चकत्यांचं, पात्र घेऊन पायऱ्या उतरला. आईला ओस्ती दिली, आणि पुढची ओस्ती घेऊन हात उजवीकडे नेला. तिथं कुणी नव्हतं. त्याचा हात तसाच हवेत राहिला. त्यानं वर पाहिलं, बाकाकडे, बाबाकडे. मग तो पुढे सरकला.

मीसुद्धा उठले नाही. माझा उपास अभंग होता, पण मनावर टोपली होती.

मिस्सेनंतर सगळे भावाच्या तळहातांचं चुंबन घ्यायला रांगेनं आले. नव्या फादरच्या, दीक्षेत पवित्र तेल लावलेल्या हातांचं चुंबन घेणं हा मोठा मान. बाबानंही घेतलं, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाकून राहिला. मांडवात पहिली पंगत बसली. बाबा पंगतीत वाढत फिरत होता, याला मासळी, त्याला भाकरी, हसून आग्रह करत होता, स्वतः मात्र कशालाही शिवला नाही. कुणी म्हटलं, तुम्हीपण बसा की, तर “माजा उपास हाय” एवढंच.

आत्या माझ्या मागे कुणाला तरी सांगत होती, “पोराची पैली मिस्सा, आनि बाप उठला नाय. पोटात काय हाय देवाला ठाऊक.” आईनंही ते ऐकलं. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि आत निघून गेली. मला तिथंच ओरडून सांगावंसं वाटत होतं. मी बाबाकडे पाहिलं. त्यानंही ऐकलं होतं. दुरूनच त्यानं मला डोळ्यांनी दटावलं, आणि आत्याच्याच पानावर आणखी एक भाकरी वाढली.

उपास मोडणं वेगळं आणि उपास सोडणं वेगळं, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. मी शाळेत पोरांना रोज तो शब्द शिकवत होते, आणि त्या दिवशी मांडवात उभी राहून मोडलेला उपास पुन्हा धरून बसलेल्या एका माणसाकडे बघत होते. नियमानं त्याला जेवायला कुणाचीच आडकाठी नव्हती. उपास कधीच मोडला होता. पण त्यानं तो परत उचलून घट्ट धरला होता, आणि ऊन चढलं तसा तो अधिकच शांत दिसायला लागला. मला त्याची भीती वाटली. इतकी वर्षं ज्याच्या मांडीवर वाढले तो माणूस एवढा मोठा आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

उन्हं उतरल्यावर भाऊ विहिरीवर हातपाय धुवायला गेला, तिथं मी त्याला गाठलं. बाबानं माझ्या तोंडाला कुलूप घातलं होतं, तरी मी सांगून टाकलं. टोपली, पान, सगळं. तो ऐकत राहिला. मला वाटलं आता फादरसारखं काहीतरी बोलेल. पण ओल्या हातांनी त्यानं तोंड झाकून घेतलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, “सकाळच्या पहिल्या मिस्सेला घेऊन ये त्याला.” फादर झाल्यापासून तो बाबाला पहिल्यांदाच ‘त्याला’ म्हणाला.

सोमवारी उजाडता उजाडता देवळात आम्ही मोजून सात माणसं. घंटा वाजवणारा, दोन म्हाताऱ्या, बाजाराला निघालेली एक कोळीण, आई, बाबा, मी. गाणी नाहीत, फुलं कालचीच. बाबाचे ओठ सुकून पांढरे पडले होते, आदल्या दिवशी पाणीही प्याला नव्हता. कठड्यापाशी जाताना मी त्याचा कोपर धरला, तो त्यानं सोडवून घेतला.

भाऊ आला. त्यानं ओस्ती उचलली, लॅटिन म्हणायला लागला आणि मध्येच थांबला. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. बाबानं डोळे मिटून तोंड उघडलं, एखाद्या लहान पोरानं उघडावं तसं, आणि त्याच्या मुलानं त्याला भरवलं. त्यानंतर आई होती, मी होते, पण भाऊ पुढे सरकेना. घंटा वाजवणारा खाकरला, तेव्हा कुठे तो हलला.

घरी आलो. आईनं चुलीपुढे पाट मांडले, गरम भाकरी आणि चहा बाबासमोर आणि भावासमोर ठेवला. शनिवारच्या रात्रीपासून बाबाच्या पोटात पानाच्या त्या टोकापलीकडे अन्न नव्हतं. त्यानं भाकरीकडे पाहिलं, पण हात मांडीवरून उचलला नाही.

आई म्हणाली, “आता कुटला उपास? खावा की.”

“थांब जरा,” बाबा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “पोराच्या हातचं हाय तोंडात. थोडा येळ ऱ्हाऊ दे.”

भावानं उचललेला कप खाली ठेवला. आम्ही चौघं तसेच बसून राहिलो. चहावर साय धरली, भाकरी गार झाली, आणि बाबाला कुणी घाई केली नाही.